हात पोहोचेल तिथे गाळणी

घरी बांधलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधी मी तपासणी करते, तेव्हा इंधनाच्या प्रवाहाची चाचणी कधीच घाईत उरकत नाही. इंजिन बंद पडायला सगळ्यात वाईट वेळ टेकऑफनंतरची. नाक वर, उंची कमी, थ्रॉटल पूर्ण उघडलेला, म्हणजे पेट्रोलची मागणीही सर्वांत जास्त. ती मागणी पुरी होते की नाही, हे जमिनीवरच कळलेलं बरं.

त्या दिवशीचं विमान दोन सीटचं होतं. पंख वर, शेपटीला छोटं चाक, १०० अश्वशक्तीचं इंजिन. पंप नव्हता, दोन्ही पंखांतल्या टाक्यांमधून पेट्रोल आपल्या वजनानेच कार्बोरेटरपर्यंत उतरायचं. एका गृहस्थांनी आणि त्यांच्या मुलीने वर्षानुवर्षं खपून ते उभं केलं होतं आणि काम खरोखर देखणं होतं. केबिनला आतून सुबक अस्तर, कुठे एक वायर लोंबत नाही, एक नळी दिसत नाही. नळ्या दिसत नाहीत हे पाहूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

चाचणीची पद्धत एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ९०-८९ या मार्गदर्शिकेत दिलेली आहे. विमान जास्तीत जास्त ज्या कोनात चढेल, त्याहून ५ अंश जास्त नाक वर करायचं, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवायचं, कार्बोरेटरजवळ नळी सोडवायची आणि किती पेट्रोल वाहतं ते मोजायचं. आम्ही शेपटीचं चाक खड्ड्यात उतरवलं, चाकांना अडसर लावले, विमान दोरांनी जखडलं. धातूचं मोजमापाचं भांडं आणि विमान तारेने एकमेकांना जोडून अर्थिंग केलं, अग्निशामक हाताशी ठेवला.

हिशोब सोपा आहे. एवढ्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण २५ किलो पेट्रोल लागतं. पेट्रोल वजनावर उतरत असेल तर त्याच्या दीडपट वाहायला हवं. पंप असता तर सव्वापट पुरलं असतं. दीडपट म्हणजे तासाला साडेसदतीस किलो, लिटरमध्ये सुमारे ५२, मिनिटाला जवळजवळ ८७० मिलिलिटर.

उजव्या टाकीने मिनिटाला लिटरभराहून थोडं जास्त दिलं आणि देत राहिली. डाव्या टाकीची सुरुवातही ९०० ने झाली. मुलगी घड्याळ लावून आकडे वाचत होती. ८२०. मग ६९०. मग ६००.

"पातळी उतरतेय ना मॅडम, म्हणून असेल," गृहस्थ म्हणाले.

ते पटण्यासारखं नव्हतं. टाकी कार्बोरेटरपासून मीटरभर उंचीवर. आतली पातळी बोटभर उतरली म्हणून प्रवाह एक तृतीयांशाने घटत नाही. शिवाय उजवीकडे तसं झालं नव्हतं. दुसरी शक्यता व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या वाटेची. टाकीत हवा येत नसेल तर आत निर्वात होत जातो आणि प्रवाह असाच हळूहळू मरतो. ते ओळखणं सोपं, टाकीचं झाकण उघडायचं. सुस्कारा ऐकू आला आणि प्रवाह सावरला तर व्हेंट तुंबलाय. मी झाकण उघडलं. आवाज नाही, प्रवाहही तसाच.

"या लाइनवर फिल्टर कुठे आहे?"

त्यांनी सीटच्या मागे, दरवाजाच्या खांबाजवळ अस्तरावर हात ठेवला. "इथे आत. दोन्ही बाजूंना एकेक."

पुढची सगळी दुपार तो फिल्टर बाहेर काढण्यात गेली. आधी टाकी रिकामी करावी लागली, कारण फिल्टरच्या वर बंद करायला व्हॉल्व्हच नव्हता. मग सीट निघाली. मग अस्तर, जे चिकटवलेलं होतं. त्यामागे रिव्हेट मारलेला पत्रा. रिव्हेट ड्रिलने काढले. फिल्टर दिसला तेव्हा कळलं, की क्लिपच्या स्क्रूची डोकी बाहेरच्या पत्र्याकडे वळलेली आहेत आणि पाना फिरायला जागाच नाही. मुलीचा हात बारीक, तिने छोटा रॅचेट आत घालून एकेक खाच फिरवत क्लिप सैल केली. नळीत उरलेलं पेट्रोल तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. केबिनचे दोन्ही दरवाजे उघडे होते, बॅटरी आम्ही आधीच काढून ठेवली होती. तरी केबिनमध्ये पेट्रोलचा वास भरला की माझ्या जिवाची घालमेल होते.

फिल्टर कागदी होता, गाडीचा. मी तो कापून पांढऱ्या कापडावर पसरला. कागदाच्या घड्यांमध्ये पांढरे, चिवट धागे अडकले होते. ही नळ्यांच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप. त्यांच्याभोवती तपकिरी, अर्धपारदर्शक पापुद्रे गुंडाळले गेले होते, सापाच्या कातेसारखे पातळ. चिमटीत धरून ताणला तर पापुद्रा लांबायचा, तुटायचा नाही.

ते स्लॉशिंग कंपाउंड होतं. टाकीच्या बारीक गळत्या बुजाव्यात म्हणून हा पातळ पदार्थ आत ओततात, टाकी हलवून सगळीकडे थर बसवतात. खालचा पत्रा पुरेसा स्वच्छ नसला तर पेट्रोलात भिजून थर सुटू लागतो आणि थेट टाकीच्या तोंडाशी, पेट्रोल बाहेर पडतं तिथे, येतो. उजव्या टाकीतही तेच होतं. तिथला थर अजून धरून होता, इतकंच.

गृहस्थ बराच वेळ कापडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फिल्टरने काम तर केलं."

केलं, पण कुणाला दिसणार नाही अशा जागी. आणि ते साफ करायला अख्खी दुपार, पत्रा काढणं आणि टाकी रिकामी करणं लागणार असेल, तर दर काही तासांच्या उड्डाणानंतर ते कोण करेल? कितीही काटेकोर माणूस असला तरी पुढच्या खेपेला बघू म्हणेल. म्हणून साफ करायची सोय हा इंधनव्यवस्थेच्या आराखड्याचाच भाग आहे असं मी मानते, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं. ओढलेल्या चेहऱ्याने का होईना, त्यांनी कागद-पेन्सिल काढली.

टाकी आणि सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, यांच्यामध्ये बारीक फिल्टर नको, हे आधी ठरलं. टाकीच्या तोंडाशी फक्त मोठ्या भोकांची जाळी, इंचाला ८ ते १६ घरांची, आणि तिचं मोकळं क्षेत्रफळ नळीच्या छेदाच्या किमान ५ पट. ती बाहेरून आटे सोडवून निघाली पाहिजे. बारीक जाळी एकच, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या) गॅस्कोलेटरमध्ये, म्हणजे पाणी आणि गाळ अडवणाऱ्या वाटीच्या गाळणीत. सिलेक्टर बंद केला की त्याची वाटी पाना न लावता हाताने उतरावी आणि काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, न उघडता खालून ड्रेन (तळाचं पाणी काढायची तोटी) दाबता यावा.

पेट्रोलात येणाऱ्या पाण्याने मात्र आम्हाला थोडं अडवलं. पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते सगळ्यात खालच्या जागी जातं. पण शेपटीला चाक असलेलं विमान जमिनीवर नाक वर करून बसतं. त्या अवस्थेत सीटखालून पुढे जाणारी नळी काही भागात गॅस्कोलेटरपेक्षाही खाली येत होती. रात्रभरात साचलेलं पाणी तिथेच थांबलं असतं आणि सकाळी गॅस्कोलेटरमधून विमानाचं स्वच्छ निळं पेट्रोल बघून वैमानिक निर्धास्त झाला असता. तिथे वेगळा ड्रेन काढला. टाक्यांचे ड्रेनही शेपटी जमिनीवर असताना जो कोपरा खाली असतो, तिथे नेले.

नळ्यांवर आमचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, जोड जितके जास्त तितक्या गळतीच्या जागा. म्हणून त्यांनी लांबच लांब अखंड नळ्या अस्तराआड घातल्या होत्या. मुद्दा बरोबर होता. पण अखंड नळी बाहेर काढायला निम्मं विमान सोडवावं लागत असेल, तर तिला पडलेला पोचा कधीच कळणार नाही. शेवटी जोड कमीत कमी ठेवले, पण प्रत्येक जोड झाकणाआड, स्क्रूने उघडेल असा, आणि दोन पाने एकाच वेळी लागतील एवढी जागा सोडून. एक नळी काढताना दुसरी सोडवावी लागू नये. फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेली नळीची टोकं, ३७ अंशांचे, विमानाचेच; गाड्यांच्या ४५ अंशांशी त्यांची भेसळ नाही. टेफ्लॉन टेप बाद. पाइपच्या आट्यांना सीलंट, तेही पहिला आटा कोरडा सोडून, आणि फ्लेअरला काहीच नाही.

सिलेक्टर मात्र त्यांनी दोन सीटच्या मधोमध, ठळक खुणांसह बसवला होता आणि त्याला मी मनापासून दाद दिली. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी मॉन्टेरे बेमध्ये कोसळून गायक जॉन डेन्व्हर यांचा अंत झाला, ते लाँग-ईझी विमानही घरी बांधलेलंच होतं, दुसऱ्या कुणीतरी. त्याचा सिलेक्टर मूळ आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेलेला होता. त्याला हात घालायला अंग वळवावं लागे. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने ती अडचणीची जागा आणि खुणांचा अभाव, दोन्ही गोष्टी अपघाताला हातभार लावणाऱ्या घटकांत नोंदवल्या.

सर्वांत कठीण गोष्ट मी शेवटी सांगितली. टाक्या उघडाव्या लागतील. पंख उतरवून, टाकीच्या मागच्या पत्र्यात हात जाईल एवढं भोक पाडून, आतलं सगळं कंपाउंड द्रावकाने भिजवून खरवडायचं आणि भोकावर गॅस्केट घालून स्क्रूचं झाकण बसवायचं. उजवीकडेही. पहिलं उड्डाण तोंडावर आलं होतं. मुलीने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पंख उतरवायला माणसं लागतील, उद्या सकाळी बोलावतो."

चाचणी पुन्हा घेतली तेव्हा दोन्ही टाक्या मिनिटाला लिटरभराच्या वर राहिल्या, पेट्रोल संपेपर्यंत. टाकीत मागे जे उरलं ते मोजून, न वापरता येणारं इंधन म्हणून त्यांनी गेजवर तांबडी खूण केली. मग इंजिन जमिनीवर चालवलं आणि मुलीने गॅस्कोलेटरची वाटी उतरवली. जाळीवर एक बारीकसा पापुद्रा होता. तिने तो कागदावर चिकटवला, तारीख घातली, नोंदवहीत लावला आणि वाटी पुसून परत चढवली. पापुद्रा दिसायचा पूर्ण थांबेपर्यंत इंजिन प्रत्येक वेळी चालवल्यानंतर जाळी बघायची आणि तोवर उड्डाण नाही, असं मी त्याच पानावर लिहून सही केली.