एमएच-०९ चा हात, म्युनिकचा रस्ता

मेव्हणा म्युनिकला असतो, त्याच्याकडं जायचं ठरलं तेव्हाच भाड्यानं गाडी घ्यायचं पक्कं केलं. कागदांचं काम सोपं आहे. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. मूळ लायसन्स मात्र सोबत लागतंच, नुसता तो परवाना चालत नाही. गाडी बुक करताना ऑटोमॅटिक मुद्दाम मागा, नाहीतर गिअरची गळ्यात पडायची आणि उजव्या हातानं गिअर टाकायची कसरत करत बसाल.

उजव्या बाजूनं चालवायची भीती सगळेच घालतात. ती पहिल्या काही चौकांत जाते. इंडिकेटर स्टिअरिंगच्या डावीकडं असतो, त्यामुळं कडक उन्हात वायपर फिरतो, एवढंच. खरी अडचण वेगळी आहे. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला आपण गाडी घालतो ती समोरच्याच्या डोळ्यात बघून. तो दबला की आपण पुढं, त्यानं रेटली की आपण थांबायचं. तिकडं डोळ्यात कुणी बघतच नाही. ज्याचा हक्क तो सरळ येतो.

मेव्हण्याच्या वस्तीतला एक चौक सांगतो. पाटी नाही, सिग्नल नाही, रस्त्यावर पांढरा पट्टासुद्धा नाही. आमचा रस्ता चांगला रुंद. उजवीकडच्या बोळातून एक आजी छोटी गाडी घेऊन आल्या, त्या न थांबता. आमच्याकडं मानही वळवली नाही. मेव्हण्याचा पाय आधीच ब्रेकवर होता. पाटी नसेल तिथं उजवीकडून येणारा आधी, मग तो बोळातून येवो नाहीतर हमरस्त्यानं. कोनावर उभा केलेला पिवळा चौकोन दिसला की समजायचं, आपला रस्ता प्राधान्याचा. आणि आपला हक्क असताना ‘जावा दादा तुम्ही’ म्हणून हात करू नका. समोरचा गोंधळतो, मागचा वैतागतो.

ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या एक्सप्रेसवेवर, वेगाला मर्यादा नाही, ही निम्मी थाप. बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादा असते, नसेल तिथं ताशी १३० किमीची शिफारस आहे. डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. झालं की लगेच उजवीकडं यायचं. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे. आपल्या हायवेवर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन नको त्या लेनमधून चालतो, म्हणून मिळेल त्या बाजूनं काढायची सवय लागलेली असते. ती घरीच ठेवून जा. मागच्यानं डिपर मारला तर ‘बाजूला हो’, एवढाच अर्थ घ्या, मनाला लावून घेऊ नका.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गकडं जाणाऱ्या ए-८ ऑटोबानवर गाड्या तुंबल्या, तेव्हा बघितलेलं अजून डोक्यातून जात नाही. सायरनचा पत्ता नव्हता. तरी गती कमी होताच सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्या गाड्या डाव्या कडेला सरकल्या, बाकीच्या उजवीकडं, आणि मधे लांबच लांब मोकळी वाट तयार झाली. अॅम्ब्युलन्ससाठी. शिरोली नाक्यावर एवढी जागा दिसली असती तर आधी आपल्याच दुचाक्या घुसल्या असत्या! तिकडं मोटरसायकलवाल्यालाही त्या वाटेनं जाता येत नाही, आणि वाट न देणाऱ्याला किमान २०० युरो दंड. गाड्या हळू व्हायला लागल्या की तुम्हीही आधीच सरका.

शहरात सगळ्यात जपायचं ते सायकलवाल्याला. उजवीकडं वळताना तुमच्या उजव्या अंगानं सरळ जाणारी सायकल आधी, आणि ती वेगात असते. नुसत्या आरशावर भागत नाही, मान वळवून बघा.

ऑस्ट्रियाच्या मोटारवेसाठी विन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतं. सीमेअलीकडच्या पेट्रोल पंपावर मिळतं, मेव्हण्यानं तिथूनच घेतलं. पंपावर तेल आपणच भरायचं, मग आत जाऊन पैसे द्यायचे. पार्किंगला काही ठिकाणी गाडी लावल्याची वेळ दाखवणारी निळी चकती काचेमागं ठेवावी लागते. गाडी १०:१० ला लावली तर तिच्यावर १०:३० लावायचे, म्हणजे काटा पुढच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर. चकती भाड्याच्या गाडीत बहुतेक असते, ताब्यात घेतानाच बघून घ्या.