दुकानातल्या पोरींना बसू द्या ना

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सीताबर्डीवर साडी घ्यायला जाणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण आपण तासाभरात घरी येऊन कूलरसमोर बसतो, काउंटरमागच्या पोरी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्याच. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही असा कित्येक दुकानांत नियमच आहे, का तर म्हणे आळशी दिसतं!

मला हे फार खटकतं. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, आणि केरळात त्यासाठी बायांना आंदोलन करावं लागलं, साध्या खुर्चीसाठी.

इतवारीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मालकांनी स्टुलं ठेवलीत, माठ ठेवलाय आणि मुख्य म्हणजे बारीकसारीक गोष्टी पोरीच ठरवतात. परवा एक काकू फॉल-पिको केलेली साडी परत घेऊन आल्या, लेकीला रंग आवडला नाही म्हणून अगदी रडकुंडीला आलेल्या. ताईनं आधी बसवलं, पाणी दिलं, मग म्हणाली, "काकू, फॉल लागला ना, आता परत नाही घेता येत, पण हिच्यावर खुलेल असं वेगळं ब्लाऊजपीस बघू का? मी कमी करून देते." काकू शांत झाल्या, पीस घेतलं, वर लग्नाचा बस्ताही इथंच काढू म्हणाल्या.

आता पाय भरून आलेल्या माणसाकडून एवढा धीर कसा मागायचा बापा? दुकानदार भाऊंनो, लग्नसराई सुरू आहे, चार स्टुलं आजच आणा.