किलार्नीची तळी, जंगलं आणि पायाखालचं ओलं

आयर्लंडला मुलांकडे किंवा कामानिमित्त येणारी आपली मंडळी डब्लिन बघतात, बसमध्ये बसून मोहेरचे कडे पाहून येतात आणि ‘आयर्लंड झालं’ म्हणतात. चालायची हौस असेल तर त्या यादीला थोडी कात्री लावा आणि केरी परगण्यातल्या किलार्नीची गाडी पकडा. डोंगर, तळी आणि जुनं जंगल तिन्ही एका जागी, आणि तेही स्टेशनवर उतरून पायी गाठता येईल इतकं जवळ.

आम्ही मे अखेरीस गेलो. मी, नवरा आणि नाशिकहून आलेले माझे आई-बाबा. बाबांनी अर्धा सह्याद्री पालथा घातलेला. देशातलं सर्वांत उंच शिखर कॅरनटूहिल १,०३८ मीटर, हे वाचून त्यांनी चष्मा काढला. “कळसूबाई १,६४६. म्हणजे हे तर आपल्याकडे निम्म्या वाटेत संपेल.” आकडे बरोबर होते. पण कळसूबाईला आपण बारी गावातून निघतो, ते गावच मुळात बऱ्यापैकी उंचावर आहे. इथले डोंगर जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतात. शिवाय इथे दमवते ती जमीन. सह्याद्रीत चार महिने धो धो पाऊस पडतो आणि मग कातळ आठ महिने तापून कोरडा राहतो. केरीत बारा महिने थोडं थोडं टपकत राहतं, हवा थंड, त्यामुळे पाणी धड उडून जात नाही. मेलेलं गवत आणि शेवाळ त्या पाण्यात कुजतही नाही, थरावर थर साचत जातं आणि त्याची काळी, स्पंजासारखी दलदल होते. तिला इथे बॉग म्हणतात. वरून हिरवळ दिसते, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. छत्री घरी ठेवली तरी चालेल, नाहीतरी वाऱ्याने उलटी होते. बूट मात्र घोटा झाकणारे आणि पाणी न शिरणारेच हवेत.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून किलार्नीला साधारण सव्वातीन तास लागतात. बहुतेक गाड्यांना मॅलो येथे बदल आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर बरंच स्वस्त पडतं. कॉर्कहून येणार असाल तरी मॅलोवरूनच यावं लागतं. गाव पर्यटकांनी गजबजलेलं आहे, घोडागाड्या, आइस्क्रीम, संध्याकाळी पबांतून फिडल. ते आवडतं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मुक्काम गावातच करा, कारण राष्ट्रीय उद्यानाचं एक दार सेंट मेरीज कॅथीड्रलच्या समोरच आहे. उद्यानात जायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी जेवणानंतर नॉकरीरच्या कुरणात शतपावली केलीत तर हरणं दिसण्याची चांगली शक्यता असते. आईला पहिल्याच संध्याकाळी दिसली. ही तांबडी हरणं आयर्लंडच्या मुख्य भूमीवर मूळची म्हणावीत अशी फक्त इथेच टिकून आहेत. सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर नरांच्या झुंजीचा काळ. तेव्हा डरकाळीसारखा आवाज दूरवर ऐकू येतो आणि फोटोसाठी जवळ जाणं हा शुद्ध वेडेपणा ठरतो.

पहिल्या दिवसासाठी मक्रॉस तळ्याची प्रदक्षिणा. अंतर दहाएक किलोमीटर, बराचसा भाग सपाट, आई-वडिलांना घेऊन बिनधास्त जावं अशी. गावापासून मक्रॉस हाऊसपर्यंत पाचसहा किलोमीटर आहेत, ते सायकलने किंवा टॅक्सीने केले तर पाय पुढच्यासाठी राहतात. हा वाडा १८४३ मध्ये पूर्ण झाला आणि १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरिया इथे राहून गेली. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका सोन्याच्या खाणमालकाने तो लेकीला लग्नात भेट दिला. ती गेल्यावर तिच्या आईवडिलांनी आणि नवऱ्याने १९३२ मध्ये सगळी इस्टेट देशाला देऊन टाकली. आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान असं झालं. वाड्याच्या आतल्या फेरीला तिकीट आहे. पाऊस जोरात असेल तरच जा, नाहीतर बाहेर बघण्यासारखं जास्त आहे.

वाड्यापुढे वाट दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या भूभागावर शिरते आणि तिथलं रीनाडिनाचं जंगल मला सगळ्या सहलीत सर्वांत आवडलं. हे यू नावाच्या सदाहरित, सूचीपर्णी वृक्षांचं जंगल. यूची एकटीदुकटी झाडं युरोपभर चर्चच्या आवारात दिसतात, पण अख्खं जंगल फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. कारण पायाखाली आहे. किलार्नीचे डोंगर तांबूस वालुकाश्माचे, तिथे ओक वाढतो. हा सखल पट्टा मात्र चुनखडीचा, मातीचा थर बोटभर, आणि यूला तेच मानवतं. मुळं उघड्या दगडाला मिठी मारून बसलेली, दगडावर हिरव्या मखमली शेवाळाची गादी, आणि वर पानांचं छत इतकं दाट की खाली दुसरं काही उगवतच नाही. बाबा तिथे बराच वेळ गप्प उभे होते, मग म्हणाले, “आपल्या देवराईत असंच वाटतं.” मुलं बरोबर असतील तर एक लक्षात ठेवा: यूची पानं, साल आणि बिया विषारी असतात. लालचुटुक फळं तोंडात टाकण्याजोगी दिसतात, पण आतलं बी घातक. वाडा येण्याआधी १४४८ मध्ये स्थापन झालेला मक्रॉसचा पडका मठ लागतो. त्याच्या चौकाच्या मधोमध एक प्रचंड यू उभा आहे. तेवढ्यासाठी वाट वाकडी करा.

पुढे ब्रिकीन पूल, मग डिनिस कॉटेज आणि किलार्नीच्या तिन्ही तळ्यांचं पाणी एकत्र येतं ती जागा. इथे तंगड्या पसरून डबा खावा. डिनिसनंतर वाट एन ७१ या रस्त्याजवळून जाते. तो भाग कंटाळवाणा आहे, उरकून टाका. सायकलवाल्यांना ही प्रदक्षिणा एकाच दिशेने करायची परवानगी आहे, त्यामुळे भाड्याची सायकल घेताना दुकानात विचारून घ्या. शेवटी टॉर्क धबधबा, वीसएक मीटरचा. लोणावळ्याच्या पावसाळ्यात वाढलेल्यांना त्याचं फार अप्रूप वाटणार नाही, पण त्याच्या बाजूने वर चढणाऱ्या पायऱ्या मोलाच्या आहेत. बहुतेक लोक फोटो काढून माघारी फिरतात, आणि पंधरा मिनिटं वर चढलं की तीच वाट जवळजवळ मोकळी मिळते.

जूनच्या सुमारास गेलात तर वाटेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांचे ताटवे दिसतील आणि तुम्ही हरखून जाल. तो ऱ्होडोडेंड्रॉन, शोभेसाठी बाहेरून आणलेला, आणि इथल्या जंगलाला त्याने आपल्याकडच्या घाणेरीसारखं ग्रासलंय. त्याच्या दाट सावलीत ओकची रोपं वाढत नाहीत, पानं विषारी म्हणून जनावरं तोंड लावत नाहीत. स्वयंसेवक वर्षानुवर्षं तो उपटत आहेत. फोटो जरूर काढा.

टॉर्कच्या वरच्या वाहनतळापासून दोन वाटा फुटतात. एक टॉर्क डोंगराची, ५३५ मीटर. दलदलीवर रेल्वेच्या जुन्या स्लीपरांसारख्या फळ्या टाकून त्यावर घसरू नये म्हणून जाळी ठोकली आहे. माथ्यावरून तिन्ही तळी एकदम दिसतात. थोडा सराव असलेल्या माणसाला निम्मा दिवस पुरतो. बाबा आणि मी दोघंच गेलो. फळी सोडून बाजूने चालायचा मोह आवरा. पाय रुततो, आणि त्याहून वाईट म्हणजे वाट दरवर्षी रुंद होत दलदलीचा चेंदा होतो.

दुसरी वाट म्हणजे जुना केनमेअर रस्ता. केरी वे ही किलार्नीत सुरू होऊन किलार्नीतच संपणारी, २०० किलोमीटरहून लांब पदयात्रा. तिचा हा टप्पा. किलार्नी ते केनमेअर पूर्ण चाललं तर पंचवीसेक किलोमीटर होतात, म्हणजे सकाळी लवकर निघून संध्याकाळ. काळ्या खांबावर पिवळा चालणारा माणूस, ही खूण शोधत जायचं. आधी उघडं माळरान, मग एस्कनामकीची अरुंद खिंड, पुन्हा ओकचं जंगल आणि गॅलवेज ब्रिज. तिथपर्यंत येऊनही समाधान होतं, पण तिथून परतीचं वाहन सहज मिळेल असं धरून चालू नका. केनमेअरला पोहोचल्यावर किलार्नीची बस आहे, फेऱ्या मात्र मोजक्या. वेळापत्रक निघण्याआधी बघा, कारण मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. वाटेत दुकान, चहाची टपरी, काहीही नाही.

गॅप ऑफ डनलोबद्दल थोडक्यात. सगळे जातात, तुम्हीही जाल. खिंड सुंदर आहे, पण वाट म्हणजे डांबरी रस्ता, त्यावर घोडागाड्या आणि मोटारीही. माझं मत, उलटं करा: सकाळी रॉस कॅसलहून बोटीने तिन्ही तळी ओलांडून लॉर्ड ब्रँडन्स कॉटेजला उतरा आणि खिंडीतून केट कर्नीज कॉटेजपर्यंत अकराएक किलोमीटर चालत या. बोट उघडी असते, वारा जास्त असेल तर सुटत नाही, जागा आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.

आणि कॅरनटूहिल? माथ्यावर रोज ढग बसलेला होता, आम्ही तो नाद सोडला. हवा स्वच्छ असेल आणि नकाशा-होकायंत्र वापरता येत असेल तर क्रोनिन्स यार्डहून निघा. डेव्हिल्स लॅडर नावाची घळ वापराने पार उखडली आहे, दगड सुटे, वरच्या माणसाच्या पायाने खालच्याच्या डोक्यावर येणारे. नवखे असाल तर वाटाड्या घ्या. अपघात झाल्यास ११२ किंवा ९९९ लावून माउंटन रेस्क्यू मागायचं. इथली बरीच डोंगरजमीन खासगी आहे आणि मालक चांगुलपणाने जाऊ देतात. फाटक जसं सापडलं तसं ठेवा, कुत्रं नेऊ नका.

कपड्यांत सुती काही नको. जीन्स तर अजिबात नको. भिजली की वाळत नाही, आणि दहा अंश तापमानात वाऱ्यात ओल्या कपड्यांनी माणूस लवकर गारठतो. पावसाळी पँट आणि जाकीट दोन्ही हवं. मे ते सप्टेंबर मिज नावाची चिलटं चावतात, वारा पडला की थवेच्या थवे. त्याहून महत्त्वाची गोचीड: नेच्यातून, गवतातून चालल्यावर रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला नीट तपासा, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. उद्यानात तंबू ठोकायला आणि चूल पेटवायला मनाई आहे. एप्रिल २०२१ मध्ये लागलेल्या वणव्यात इथली हजारो एकर जागा जळली.

शाकाहारी मंडळींनी पबमध्ये ‘आजचं सूप’ काय ते विचारावं. बऱ्याचदा भाज्यांचं असतं, पण चिकनचं पाणी घातलंय का ते विचारूनच घ्या. बरोबर तपकिरी सोडा ब्रेड आणि लोणी, तेवढ्यात पोट भरतं. डब्यासाठी आईने केलेले थेपले आणि दाण्याची चटणी उत्तम चालली. भारतातून येणाऱ्यांनी मात्र तूप, पेढे, बर्फी आणू नये. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. चिवडा, बाकरवडी बिनदिक्कत आणा. आणि व्हिसा: शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये येता येत नाही, वेगळा काढावा लागतो. ब्रिटनही करायचं असेल तर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शिक्का असलेला व्हिसा मिळतो का ते अर्ज करतानाच बघा, दोन्हीकडे तोच चालतो.