६ जून १९४४ : रेडिओवरचा एक अखंड दिवस

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या, त्या दिवशी अमेरिकेतील एनबीसी आणि सीबीएस या दोन मोठ्या रेडिओ नेटवर्कनी जे प्रसारण केले, त्याची तासन्‌तासांची ध्वनिमुद्रणे आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यांतील निवडक तुकडे मी पूर्वी अनेकदा ऐकले होते. या वेळी मात्र सकाळचा भाग सकाळी, दुपारचा दुपारी आणि रात्रीचा रात्री, अशा क्रमाने शक्य तितके सलग ऐकायचे ठरवले. तसे ऐकल्यावर मला त्या दिवसाचे एक निराळेच रूप दिसले. निवडक तुकड्यांत फक्त घडलेल्या गोष्टी असतात. सलग ऐकताना त्या दोन गोष्टींच्या मधला वेळही ऐकू येतो, आणि हा मधला वेळ, म्हणजे काहीच कळत नसतानाचा वेळ, रेडिओने कसा सांभाळला, हे मला त्या दिवसाच्या प्रसारणातले सर्वांत मोठे काम वाटते.

६ जूनच्या त्या रात्री निवेदक फार जपून बोलत होते; ते का, हे समजण्यासाठी तीन दिवस मागे जावे लागते. ३ जूनच्या शनिवारी एका वृत्तसंस्थेच्या लंडन कार्यालयात एक तरुणी टेलिप्रिंटरवर सराव करीत होती. फ्रान्समध्ये फौजा उतरल्याची बातमी तिने सरावासाठी पट्टीवर टंकलिखित केली आणि ती पट्टी चुकून दुसऱ्या मजकुराबरोबर यंत्रातून पुढे गेली. काही मिनिटांत बातमी मागे घेण्यात आली, पण तेवढ्यात ती अमेरिकेत रेडिओवरून सांगून झालेली होती. ज्यांची मुले इंग्लंडच्या तळांवर होती, त्या आईवडिलांनी ती काही मिनिटे कशी काढली असतील, याचा विचार करवत नाही.

त्यामुळे ६ जूनला, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून सुमारे ३७ मिनिटे झाली असताना, जर्मन वृत्तसंस्थेने आक्रमण सुरू झाल्याचे जाहीर केले, तेव्हा अमेरिकन निवेदकांनी ती बातमी दिली खरी, पण प्रत्येक वेळी एक पुस्ती जोडून दिली. हा दावा शत्रूचा आहे, दोस्तांच्या मुख्यालयाने त्याला दुजोरा दिलेला नाही, आणि भूमिगत लढवय्यांना उघड्यावर आणण्यासाठी टाकलेले हे जाळेही असू शकेल, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. प्रत्यक्षात तोवर अमेरिकन तुकड्या किनाऱ्यावर नुकत्याच उतरल्या होत्या. ऐकणाऱ्या आपल्याला ते ठाऊक असते आणि बोलणाऱ्याला ठाऊक नसते. मध्येच वाद्यवृंद वाजतो, पुन्हा निवेदक येतो, आणि नवीन काही हाती आलेले नाही एवढेच सांगून जातो. हा क्रम जवळजवळ तीन तास चालतो. सीबीएसचे रॉबर्ट ट्राउट वृत्तकक्षातूनच बोलत होते, त्यामुळे त्यांच्या आवाजामागे टेलिप्रिंटरची खडखड अखंड ऐकू येते. मध्येच एखाद्या यंत्राची खडखड वाढली की आपणही नकळत कान टवकारतो.

अमेरिकेत तेव्हा रेडिओवर काय बोलावे आणि काय बोलू नये, याची एक ऐच्छिक आचारसंहिता १९४२पासून लागू होती. सुरुवातीच्या काळात हवामानाची वार्ता देण्यावरही तिच्यात बंधन होते, कारण ती शत्रूच्या पाणबुड्यांना उपयोगी पडली असती. श्रोत्यांच्या फर्माइशीवरून अमुक वेळी अमुक गाणे वाजवणेही टाळायचे असे, कारण गाण्याच्या निवडीतून सांकेतिक निरोप जाऊ शकतो. ज्या माध्यमाचा सगळा जीव श्रोत्यांशी होणाऱ्या सलगीत असतो, त्याने ही सलगी अशी तोलूनमापून करायला शिकणे सोपे नव्हते, आणि मला वाटते, त्या रात्रीचा संयम या दोन वर्षांच्या सवयीतूनच आलेला होता.

पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी लंडनहून अधिकृत घोषणा झाली. जनरल आयझेनहॉवर यांच्या नेतृत्वाखाली, प्रबळ हवाई दलांच्या साह्याने, दोस्तांच्या आरमाराने आज सकाळी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यास प्रारंभ केला आहे, एवढाच तिचा आशय होता. लंडनमध्ये तेव्हा सकाळचे ९ वाजून ३२ मिनिटे झाली होती, आणि भारतात दुपारचे दोन वाजून गेले होते, कारण युद्धकाळात आपल्याकडचीही घड्याळे तासभर पुढे केलेली होती. एका वाक्यात मावणाऱ्या या बातमीसाठी अमेरिका तीन तास जागी होती. पुढे आवाजांची रीघ लागते. सीबीएसचे एडवर्ड मरो लंडनहून आयझेनहॉवर यांचा सैनिकांना उद्देशून काढलेला आदेश वाचतात. नॉर्वेचे राजे, नेदरलँड्स आणि बेल्जियमचे पंतप्रधान आपापल्या जनतेशी बोलतात. हे सगळे आपली भूमी सोडून लंडनमध्ये राहिलेले होते, आणि आपल्या माणसांपर्यंत पोहोचायला त्यांच्याकडे रेडिओखेरीज दुसरा मार्ग उरलेला नव्हता. अटलांटाचे संपादक राइट ब्रायन छत्रीधारी सैनिकांच्या विमानातून रात्री फ्रान्सवर जाऊन परत आले होते, आणि घोषणेनंतर थोड्याच वेळात लंडनच्या मायक्रोफोनवरून ते आपला अनुभव सांगू लागले. विमानाच्या दारातून उडी मारणाऱ्या मुलांना त्यांनी काही तासांपूर्वीच पाहिले होते.

येथे थोडे विषयांतर करतो, पण तेही रेडिओचेच आहे. लंडनहून बीबीसी युद्धकाळात जगातील कितीतरी भाषांत बोलत असे आणि त्यांत मराठीही होती. जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात काम करीत असताना, १९४२ साली, तिथून भारतासाठी जी साप्ताहिक वार्तापत्रे जात, त्यांत मराठी वार्तापत्रही असे, आणि त्याच विभागात वेणू चितळे या मराठी बाई काम करीत होत्या. बॉम्बहल्ल्यांच्या छायेतील त्या शहरातून आपली भाषा लघुलहरींवर स्वार होऊन इतक्या दूर येत होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

सकाळ झाली आणि दुपार झाली, आणि या प्रसारणातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग सुरू झाला. अमेरिकन रेडिओवर दिवसा पंधरा-पंधरा मिनिटांच्या कौटुंबिक श्रुतिकामालिका चालत. साबणाच्या कंपन्या त्यांच्या प्रायोजक असत, म्हणून त्यांना साबणाच्या मालिका असेच नाव पडले होते. 'मा पर्किन्स' ही त्यांतली फार लोकप्रिय मालिका होती; एका लहान गावात लाकडाची वखार चालवणारी विधवा बाई तिची नायिका होती. 'द गायडिंग लाइट' हीसुद्धा तेव्हा चालू होती. त्या दिवशी काही कार्यक्रम रद्द झाले, काही अर्धवट कापले गेले, पण या मालिका पूर्णपणे थांबल्या नाहीत. ऑर्गनचे सूर येतात, कोणाच्या तरी लग्नाचा प्रश्न पुढे सरकतो, मग बातमी येते, लढाईच्या नकाशाविषयी लष्करी जाणकार बोलतो, आणि पुन्हा ऑर्गन सुरू होतो.

प्रथम ऐकताना मला हे खटकले. नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर माणसे पडत असताना ही कौटुंबिक रडकथा कशासाठी, असे वाटले. पण सलग ऐकत गेल्यावर माझे मत पालटले, आणि त्याला माझी स्वतःची एक आठवण कारण झाली. १९७१च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो आणि आम्ही साताऱ्याला राहत होतो. धाकटे काका फौजेत होते आणि त्यांची तुकडी पश्चिम सीमेवर कोठेतरी होती. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवलेला असे आणि संध्याकाळ झाली की माजघरात फक्त रेडिओच्या तबकडीमागचा पिवळा उजेड दिसे. बातम्या लागल्या की बाबा कान जवळ नेऊन ऐकत, आणि काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, हाताला कणीक लागलेली असताना, तशीच उभी राही. बातम्या संपल्या की बाबा रेडिओ बंद करायला हात पुढे करीत, तेव्हा ती हळूच म्हणे, "भाऊजी, राहू द्या ना चालू." मग विविध भारतीवर फौजी भावांसाठी लागणारी 'जयमाला' सुरू होई आणि काकू पोळ्या लाटायला बसे. ती गाणी ऐकत असे, असे मला वाटत नाही. रेडिओ चालू आहे, म्हणजे काही भयंकर घडलेले नाही, घडले असते तर गाणी थांबली असती, एवढाच तिचा आधार असावा. काका सुखरूप परत आले. ओहायोतल्या किंवा आयोवातल्या एखाद्या स्वयंपाकघरात त्या मंगळवारी दुपारी 'मा पर्किन्स' ऐकणारी आई मला आता वेगळी वाटत नाही.

दिवसभर प्रार्थना तर होत्याच. निरनिराळ्या पंथांचे धर्मगुरू बोलत होते, आणि फिलाडेल्फियाच्या महापौरांनी लाकडी हातोडीने ठोके देऊन तेथील तडा गेलेली ऐतिहासिक लिबर्टी बेल वाजवली, तो नाद देशभर ऐकवण्यात आला. न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे दुपारी तीनला इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज बोलले. बोलताना अडखळण्याशी त्यांचा आयुष्यभर झगडा होता हे माहीत असले, की त्यांच्या शब्दाशब्दांमधील अंतर फार जवळचे वाटू लागते.

संध्याकाळी विनोदी कार्यक्रमांची वेळ आली. मंगळवारची रात्र एनबीसीवर हसण्याची रात्र म्हणून ठरलेली होती. त्या दिवशी 'फिबर मॅकगी अँड मॉली'ने विनोद बाजूला ठेवून संगीत सादर केले. बॉब होप कॅलिफोर्नियातील लढाऊ विमानांच्या तळावरून बोलत होते. एरवी तोंड उघडताच विनोदांची सरबत्ती करणाऱ्या या माणसाने सुरुवातीला एकही विनोद केला नाही. गेल्या काही तासांत जे घडले ते आपल्यापैकी कोणीही विसरू शकणार नाही, असे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले.

होप यांच्या आधी, रात्री दहाला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बोलले. आदल्याच रात्री त्यांनी रोम दोस्तांच्या हाती आल्याबद्दल रेडिओवरून भाषण केले होते, आणि त्या भाषणाच्या वेळी सैन्य इंग्लिश खाडी ओलांडत असल्याचे मला ठाऊक होते, अशी कबुली देऊन त्यांनी आता सुरुवात केली. मग भाषण केले नाही, प्रार्थना म्हटली. तिचा मजकूर आधीच वृत्तपत्रांना दिलेला होता, म्हणून लोकांना घरोघरी कागद समोर धरून त्यांच्याबरोबर ती म्हणता आली. यांतले काही परत येणार नाहीत, त्यांना तू पदरात घे, असे ते देवाला म्हणतात, तेव्हा त्यांच्या आवाजातला नेहमीचा डौल ओसरलेला जाणवतो.

रोमचा उल्लेख आला की मला आपली माणसे आठवतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान त्या उन्हाळ्यात इटलीतच लढत होते. रोमच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळी कोकणातल्या घरांत रेडिओ कुठले असणार! तिथे असली वाट दारात येणाऱ्या तारवाल्याच्या पावलांवरच पाहिली जात असे.

रात्री सव्वाअकराच्या सुमारास त्या दिवसातले सर्वांत थरारक प्रसारण झाले. अमेरिकेच्या मोठ्या नेटवर्कना ध्वनिमुद्रित मजकूर प्रसारित करणे मान्य नसे. जे ऐकवायचे ते प्रत्यक्ष, त्याच क्षणी घडत असले पाहिजे, असा त्यांचा कडक दंडक होता. त्या रात्री तो मोडला गेला. ब्लू नेटवर्कचे वार्ताहर जॉर्ज हिक्स ओमाहा किनाऱ्यासमोर उभ्या असलेल्या 'अँकन' या जहाजावर होते आणि त्यांच्याजवळ फिल्मच्या पट्टीवर आवाज कोरणारे यंत्र होते. वार्ताहरांचे वृत्तांत सर्वांनी वाटून घ्यायचे ठरलेले असल्यामुळे त्यांचे ध्वनिमुद्रण प्रतिस्पर्धी नेटवर्कनीही ऐकवले.

हिक्स अंधारात उभे राहून धावते वर्णन करीत आहेत. जर्मन विमाने जहाजांवर येतात, विमानवेधी तोफा धडधडू लागतात, आणि हिक्स यांचा आवाज तोफांच्या वर निघण्यासाठी चढत जातो. एक विमान पेटून कोसळते, तेव्हा आसपासचे खलाशी आनंदाने ओरडतात. ज्या माणसाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हे सारे चार सुबक परिच्छेदांत वाचायला मिळाले असते, त्याला इथे धाप लागलेला माणूस ऐकू येतो. पहाटेपासून निवेदकांनी सारे मोजूनमापून सांगितले होते. हिक्स यांच्यापाशी मात्र मोजायला उसंतच नाही. एका क्षणी ते थांबतात आणि श्रोत्यांना विनवतात की, माफ करा, मी जरा एक खोल श्वास घेतो आणि थोडा वेळ बोलणे थांबवतो. मग काही क्षण त्यांचा आवाज येत नाही; फक्त जहाजावरची हालचाल ऐकू येत राहते.