‘ॲडमिट होता का?’

नाशिकला अंबड एमआयडीसीत मी क्वालिटी बघते. इंजिनाला लागणारे मशीन केलेले पार्ट आम्ही चाकण आणि वाळूजच्या कंपन्यांना देतो. या कामात फोनला वेळकाळ नसतो. “मॅडम, तुमचा पार्ट बसत नाहीये, लाइन उभी आहे,” एवढं वाक्य आलं की रात्री अकरा वाजता दोन इन्स्पेक्टर गाडीत बसवून चाकणला सॉर्टिंगला, म्हणजे चांगले-वाईट पार्ट वेगळे करायला, पाठवायचे, इथला स्टॉक अडवायचा, सकाळी एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोष का आला आणि पुन्हा कसा टाळणार याचा अहवाल, लिहायला घ्यायचा. मधेच आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं, ऑडिट. हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं आणि आवडीने केलं. चांगला पार्ट गेला की मला अजूनही बरं वाटतं.

म्हणूनच गेल्या वर्षी जे झालं त्याने मी घाबरले. बोअरच्या, म्हणजे पार्टमधल्या भोकाच्या, कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची बारीक धार, मला डोळ्याआधी बोटाला कळते. एका दुपारी डिस्पॅच तपासणीच्या टेबलावर पार्ट हातात घेतला, तर्जनी आतून फिरवली, बर लागली. लाल खोक्यात टाकला. दुसरा घेतला, त्यालाही तेच. एरवी मी तशीच मशीनवर धावले असते, कापणारा इन्सर्ट काढून बघितला असता, ऑपरेटरला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी लॉट अडवला, टॅग लावला, सही केली, सगळं नियमाप्रमाणे. पण आत काही हललंच नाही. राग नाही, काळजी नाही, घाई नाही. मी टेबलापाशी उभी राहून बोटाच्या टोकाकडे बघत होते.

झोप तर आधीपासूनच गेली होती. मध्यरात्री उठून मी फोन कानाला लावायचे आणि नवरा म्हणायचा, “अगं, वाजलाच नाहीये तो.” रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल आले. त्यांनी चिठ्ठी दिली ती सायकायट्रिस्टच्या नावाची. सासूबाई म्हणाल्या, “जा, पोरीचं मी बघते.” त्या एका वाक्याने माझं अर्धं ओझं उतरलं, हे इथे लिहून ठेवते.

सायकायट्रिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट केली, आणि पुढे विम्याच्या भानगडीत तीच महत्त्वाची ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउट आहे. पण ‘आजार’ म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामावरचा ताण खूप काळ साचत राहिला आणि त्याची नीट दखल घेतली गेली नाही की शक्ती संपते, कामापासून मन तुटतं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागतं. या तीन खुणा. ती दुपार आठवली आणि मला तिन्ही पटल्या. “पण विमा कंपनी बर्नआउट या शब्दावर पैसे देत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि तुमचं आता तेवढ्यावर राहिलेलंही नाही. हे मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन आहे, मी कागदावर तसं लिहिते.” त्यांनी निदान लिहिलं, शेजारी कोड लिहिला, गोळ्या दिल्या आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

गोळ्यांचा खर्च फार नव्हता. सेशनचा होता. एका सेशनचे दीड हजार, सुरुवातीला दर आठवड्याला. मुलीची फी आणि फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या घरात ही रक्कम ठळक दिसते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, कुटुंबाला तीन लाख. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला, फोन लावला.

“मॅडम, ॲडमिट होता का?”

“नाही. ओपीडी. डिप्रेशनचं निदान आहे, सायकायट्रिस्टची चिठ्ठी आहे.”

“चोवीस तास ॲडमिट नसेल तर क्लेम बसत नाही, मॅडम.”

फोनवरचा मुलगा नीट बोलत होता, त्याच्यावर राग नाही. पण मी क्वालिटीची बाई. स्पेसिफिकेशन वाचल्याशिवाय रिजेक्शन मान्य करायची सवय नाही. त्या रात्री झोप नव्हतीच, कायदा वाचला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजारासाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारासाठीही प्रत्येक विमा कंपनीने तरतूद केली पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, कंपन्यांना तसं परिपत्रक काढलं. २०१९ मध्ये पॉलिसीतून काय वगळता येणार नाही हे ठरवलं, त्यात मानसिक आजार आणि ताण आले. तरी टाळाटाळ चालूच होती. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका रुग्णाच्या बाजूने निकाल देताना कंपन्यांनी कायदा पाळायलाच हवा होता असं सांगितलं, आणि २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा ३१ ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली.

हे वाचून मला आधी जोर आला. मग पॉलिसी वाचली आणि तो ओसरला. कारण माझा क्लेम नाकारण्यात कंपनीने कायदा मोडलेलाच नव्हता. ती पॉलिसी शुगरच्या ओपीडीलाही पैसे देत नाही, बीपीच्या गोळ्यांनाही नाही. समान आधार म्हणजे समान नकार. फरक एवढाच की शरीराचे महागडे उपचार बहुतेक हॉस्पिटलच्या बेडवर होतात. मोतीबिंदू, डायलिसिस यांच्यासारखे जे चोवीस तासांच्या आत उरकतात, त्यांना ‘डे केअर’ म्हणून वेगळी जागा करून दिली आहे. डिप्रेशनच्या माझ्यासारख्या बहुतेक पेशंटचा उपचार मात्र खुर्चीत बसून होतो, महिनोन्महिने. त्या खुर्चीचा विचार पॉलिसीत कुठेच नाही. कायद्याने दार उघडलं, पण ते दार वॉर्डात उघडतं, आणि आम्हाला वॉर्डात जायचंच नसतं. माझ्या मते आज सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

ऑफिसमधल्या एकाने काळजीपोटी सुचवलं, “एक दिवस ॲडमिट हो ना, त्याच्या आधीचा-नंतरचा खर्च पण बसतो.” मी मॅडमना विचारलंसुद्धा नाही. एक तर ते खोटं. दुसरं, पॉलिसीच्या वगळणुकींत दोन कलमं अशाच प्रकारासाठी बसवलेली आहेत: केवळ तपासणीसाठी दाखल होणं आणि केवळ विश्रांतीसाठी दाखल होणं. थकलेल्या माणसाच्या हातात शेवटी नामंजुरीचं पत्र आणि हॉस्पिटलचं बिल दोन्ही पडतात. ज्यांना खरोखर दाखल व्हावं लागलं आणि मानसिक आजार म्हणून नाकारलं गेलं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

माझं डोकं खरं फिरलं ते दिवाळीत. वहिनी राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. माझं ऐकून त्या म्हणाल्या, “पण आमच्यात तर ॲडमिट न होताही मिळतं की.” त्यांनी मोबाइलवर यादी उघडून दाखवली. २०१५ च्या द्विपक्षीय करारापासून बँक कर्मचाऱ्यांच्या विम्यात घरी राहून घ्यायच्या उपचारांची एक यादी आहे. कॅन्सर, क्षयरोग, मधुमेह, दमा, आणि त्याच ओळींत मानसिक आजार, सायकोथेरपी हा शब्दसुद्धा. म्हणजे हे अशक्य नाही. युनियनने टेबलावर बसून मागितलं आणि मिळालं. आमच्या कारखान्यात कुणी कधी मागितलंच नव्हतं.

तेवढ्यात खाली शॉपवर काय परिस्थिती आहे तेही बघितलं, आणि हा भाग मला स्वतःच्या क्लेमपेक्षा जास्त लागला. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेले ऑपरेटर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, आहेत. त्यांना सातपूरला रांगेत उभं राहावं लागतं, पण ओपीडी आणि औषधं मिळतात. मी आणि वरचे लोक स्वतःच्या खिशातून कसेबसे भरतो. मधले सुपरवायझर, चोवीस-पंचवीस हजारवाले, पगार वाढला म्हणून ईएसआयमधून बाहेर पडले आणि ग्रुप मेडिक्लेममध्ये आले, ज्यात ओपीडी नाही. रात्रपाळीला लाइन उभी राहिली की पहिल्या शिव्या तेच खातात.

रिन्यूअल एप्रिलमध्ये असतं. फेब्रुवारीतच मी एचआरकडे गेले. स्वतःचं निदान सांगितलं नाही. ते सांगायची सक्ती नाही. गोपनीयतेचा हक्क त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. एवढंच म्हटलं की ब्रोकरकडून ओपीडीचा दर मागवा, सायकायट्रिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोन्ही धरून. आधी उत्तर आलं ते ‘प्रीमियम वाढेल’. मग मी मालकांसमोर वर्षभरात सोडून गेलेल्या इन्स्पेक्टरांची यादी ठेवली आणि प्रत्येक नव्या माणसाला गेज हातात धरायला शिकवण्यात किती महिने जातात ते सांगितलं. आकडा ब्रोकरचा होता, पण हिशेब माझा होता, आणि तो त्यांना पटला. आता दरवर्षी प्रत्येकी दहा हजारांची ओपीडी मर्यादा आली आहे. अटी आहेत: आधी सायकायट्रिस्टचं लेखी निदान, सायकॉलॉजिस्ट आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, नोंदणीचा हवा, प्रत्येक बिलावर तो नोंदणी क्रमांक हवा. माझे तेव्हाचे सेशन यातून पुरते निघाले नसते. तरी पहिला दीड महिना निघाला असता, आणि माणूस उपचार सोडतो तो याच सुरुवातीच्या काळात, हे मला सायकॉलॉजिस्ट मॅडमनी सांगितलं होतं. गोळीचा गुण यायलाच काही आठवडे लागतात.

स्वतःची वेगळी पॉलिसीही घेतली. अर्ज भरताना एजंट म्हणाला, “ते डिप्रेशनचं कशाला लिहिता, मॅडम?” लिहिलं. लपवलं की पहिल्या मोठ्या क्लेमला, मग तो पित्ताशयाचा का असेना, तेच उकरून काढलं जाऊ शकतं. लिहिलं तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही. २०२४ पासून या मुदती अशा कमी झाल्या आहेत. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

आणखी एक गोष्ट, जी थकलेल्या माणसाला कुणीतरी वेळेत सांगायला हवी. या अवस्थेत राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडलेलाच असतो. माझाही होता. पण नोकरी सुटली की ग्रुप पॉलिसी सुटते, नेमकी सगळ्यात जास्त गरज असताना. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून जाता येतं आणि आधी काढलेला प्रतीक्षेचा काळ धरला जातो. त्याची विचारणा राजीनामा देण्याआधी करा. मी ड्राफ्ट तसाच ठेवला, मालकांकडून रात्रीच्या फोनसाठी पाळी लावून घेतली, आणि मग तो मेल पाठवायची गरज उरली नाही. सायकायट्रिस्ट मॅडम पहिल्यापासून सांगत होत्या की गोळीने झोप येईल, पण रात्रीचे फोन गोळीने कमी होणार नाहीत.

ज्यांच्याकडे आज ना ओपीडी आहे ना दीड हजार, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आमच्या कॅन्टीनच्या फलकावर मी तो नंबर सुरक्षेच्या नंबरांच्या रांगेतच लावला आहे.

तुमचं रिन्यूअल जवळ आलं असेल तर एचआरकडे पूर्ण पॉलिसी मागा. कार्ड नव्हे, दोन पानी माहितीपत्रक नव्हे, शर्तींसह सगळी प्रत. त्यात ओपीडीचं पान आहे का, त्या पानावर सायकायट्रिस्टच्या शेजारी सायकॉलॉजिस्ट लिहिलाय का, आणि मर्यादा प्रत्येक माणसाला आहे की सगळ्या कुटुंबाला मिळून, एवढं बघा. नसेल तर ब्रोकरकडून दर मागवायला लावा, लेखी. आमच्याकडे ठेकेदाराची माणसं अजून या पॉलिसीच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी मी येत्या फेब्रुवारीत पुन्हा बसणार आहे.