आजीचं लुगडं आणि पत्रातली एक ओळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी आधी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन केला. आपल्या दोघींबद्दल लिहू का, म्हणून विचारलं. "लिही," ती म्हणाली, "पण माझं नाव घालू नकोस. आणि गोड गोड लिहू नकोस." दोन्ही अटी मी मान्य केल्या आहेत. ज्यांनी आम्हाला पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर पाहिलंय, त्यांना नावाची गरज पडणार नाही.

१९८७ च्या जूनमध्ये पाचवीत आलो. बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं आणि आम्ही दोघी नेमक्या एका उंचीच्या निघालो. मैत्री झाली ती एवढ्यावरून. ती मुसलमान, मी हिंदू, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांच्या मुलींना ते पक्कं ठाऊक असतं. तिच्या घरी दखनी बोलायचे, आमच्याकडे मराठी. तरी ऱ्हस्व-दीर्घ तिचं पक्कं आणि माझं कच्चं. माझा निबंध बाईंकडे जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. ती पेन्सिलीने वेलांट्या फिरवून द्यायची आणि मी त्यावर शाईने गिरवायची. माझ्या शुद्धलेखनाला मिळालेले निम्मे गुण तिचे आहेत, हे या निमित्ताने नोंदवून ठेवते.

नववीत आम्हाला इतिहासाला ज्या बाई होत्या, त्यांची शिकवण्याची एक रीत होती. फळ्यावर सन लिहायच्या आणि विचारायच्या, "तेव्हा तिचं वय काय?" सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. पुण्यात बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली १८४८ साली. "मग वय काय?" सतरा. "तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी," बाई म्हणायच्या आणि पुढे काही न बोलता आमच्याकडे बघत राहायच्या. मांग-महारांच्या दुःखाविषयी मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. म्हणजे आमच्याएवढी. त्या तासाला वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

फातिमा शेख हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते याच बाईंच्या तोंडून. पाठ्यपुस्तकात ते नव्हतं. १८४९ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा गंज पेठेत त्यांना आसरा दिला तो जोतिरावांचे स्नेही उस्मान शेख यांनी. फातिमा त्याच घरातली, सावित्रीबाईंबरोबर शाळेत शिकवणारी. तिच्याविषयी हाती लागतो तो मजकूर फार थोडा, आणि त्यातली सगळ्यात मोलाची एक ओळ खुद्द सावित्रीबाईंच्या पत्रात आहे. बाईंनी ते पत्र आम्हाला अख्खं वाचून दाखवलं. १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र. सावित्रीबाई आजारातून उठत होत्या, माहेरी नायगावला होत्या आणि पुण्याला जोतिरावांना लिहीत होत्या. पुरती बरी झाले की येते, माझी काळजी नको, असं लिहिता लिहिता त्या मध्येच म्हणतात की फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. बस, एवढंच. मग भावाशी झालेला वाद येतो. महार-मांगांना शिकवता म्हणून तुम्ही कुळाला बट्टा लावता, असं भाऊ म्हणाला. त्याला त्यांनी दिलेलं उत्तर तर वाचावं असंच आहे. शेळीला, गाईला तू माया लावतोस, नागपंचमीला विषारी सापाला दूध पाजतोस आणि माणसाला मात्र शिवत नाहीस, असा त्याचा आशय.

बाईंनी या पत्रावर स्नेहसंमेलनासाठी वीस मिनिटांची नाटिका लिहिली. सावित्री मी, फातिमा माझी मैत्रीण. कुणीही असंच वाटप केलं असतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती बाईंकडे गेली आणि विचारलं, "बाई, मी सावित्री झाले तर?" बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "का नाही? तुझं वाचन हिच्यापेक्षा स्वच्छ आहे." खरंच होतं ते. मग ती सावित्री झाली आणि मी फातिमा.

लुगडं माझ्या आजीचं. गर्द हिरवं, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. तालमीनंतर ती आमच्या घरी यायची आणि आजी तिला नऊवार नेसायला शिकवायची. आजी हातात हात धरून शिकवणारी नव्हे. ती खाटेवर बसून नुसती सांगायची, "तिथं नको, आणखी वर. निरी बारीक घे. ओढ, ओढ, पोरी, लाजतेस काय?" दहा-बारा दिवसांत तिचा हात असा बसला की डोळे मिटून नेसेल. मी भिंतीला टेकून बघत असायची. मला ते कधीच जमलं नव्हतं आणि जमावं असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी एका वजनदार पालकांनी हरकत घेतली. ते कोण हे लिहिण्यात आता अर्थ नाही. सावित्रीबाईंच्या कपाळाला कुंकू लागतं, ते त्या मुलीला कसं लावणार, उद्या त्यांच्याच घरचे भांडायला येतील, असं त्यांचं म्हणणं. तिच्या घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं. तिचे अब्बा रोज संध्याकाळी तिला सायकलवरून आमच्या घरून न्यायला यायचे, नाटिका काय आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्यांनी लेकीचे संवाद पाठ आहेत की नाहीत एवढंच विचारलं होतं. बाई त्या दोन दिवसांत खूप भांडल्या असणार. मात्र वर्गात येऊन त्यांनी भूमिका परत बदलल्याचं सांगितलं, तेव्हा त्या आमच्याकडे न बघता फळ्याकडे बघत होत्या.

"चालेल, बाई," माझी मैत्रीण म्हणाली.

आणि मला आनंद झाला. हे मी आजवर कुठे बोललेली नाही. फातिमाला नाटिकेत दोनच वाक्यं होती. सावित्रीला पूर्ण पत्र होतं, मधोमध उभं राहून, प्रकाशात. मला ते मिळालं. तिच्याकडून का काढून घेतलं, हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही.

संमेलनाच्या संध्याकाळी पाचवी 'ब'च्या वर्गात आमची रंगपट खोली होती. मला लुगडं नेसता येईना. आजी घरी तापाने झोपलेली. बाई रंगमंचाकडे धावत होत्या. तेव्हा ती पुढे आली. फातिमाच्या वेशात, डोक्यावरची ओढणी दातांत धरून, हात मोकळे करून. तिने माझ्या कमरेला गाठ मारली, निऱ्या घेतल्या. अंगठा आणि तर्जनीत एकेक निरी बसत होती, आजीने सांगितली होती तशी, बारीक. मग खाली बसून मागे कासोटा खोचला आणि म्हणाली, "श्वास सोड. असा धरून ठेवलास तर स्टेजवर सुटेल." टाचणीने तिच्या बोटातून रक्त आलं, ते तिने पदराला लागू नये म्हणून भिंतीच्या चुन्याला पुसलं. शेवटी करंगळीने माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि मान मागे घेऊन ते मधोमध आहे का ते बघितलं.

पत्र मी चांगलं वाचलं म्हणतात. टाळ्या खूप पडल्या. "पण ती कुरकुर करणार नाही" या वाक्याशी मी डाव्या बाजूला बघायचं, असं बाईंनी बसवलं होतं. डाव्या बाजूला ती दोन वर्ग एकटीने सांभाळत असल्याचा अभिनय करत उभी होती. मी बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुढचं वर्ष दहावीचं. ६ डिसेंबर १९९२ ला, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली त्या दिवशी, रविवार होता. त्यानंतरच्या दिवसांबद्दल आपल्या शाळेतल्या प्रत्येकीची आपापली आठवण असेल. माझी एवढीच, की शाळा पुन्हा उघडली आणि बाकाची उजवी बाजू रिकामी होती. एक आठवडा, मग दुसरा. सराव परीक्षा तोंडावर आलेली. मी कार्बन लावून भूमिती आणि बीजगणिताच्या वह्या उतरवत होते, मात्र त्या घेऊन तिच्या मोहल्ल्यात जायला घरातून परवानगी नव्हती आणि मी ती नेटाने मागितलीही नाही. वह्या बाईंनी नेऊन दिल्या. मग एक दिवस आजी उठली. चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल. कुणी अडवलं तर मी आहे." त्यांच्या दारात पोचल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला तो तिलाच, "पोरी, किती वाळलीस गं?" तिची अम्मी आणि माझी आजी आत जाऊन बसल्या. काय बोलल्या ते ठाऊक नाही, दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच कळत होती. आम्ही दोघी पायरीवर बसून प्रमेय सोडवत होतो. डिसेंबरबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, न विचारणं म्हणजे समजूतदारपणा.

पुढची वर्षं भराभर सांगते. ती परिचारिका झाली. गेली पंचवीसहून अधिक वर्षं रात्रपाळ्या करते आहे. मी बँकेत. दोघींची लग्नं, मुलं, आईवडिलांची आजारपणं. कधी वर्षभर बोलणं नाही, कधी रोज. माझी आजी शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा आठ रात्री ती ड्यूटी संपवून थेट आमच्याकडे यायची, आजीला कुशीवर वळवायची, पाठीला पावडर लावायची आणि मग घरी जाऊन झोपायची.

काही महिन्यांपूर्वी तिने मला फोनवर एक जुना फोटो पाठवला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. एक हिंदू, एक ख्रिस्ती, एक ज्यू. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, एका रांगेत. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या. पुढे ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, ओकामी १८८९ ला, इस्लामबूली १८९० ला. आनंदीबाई तर पदवीनंतर वर्षही पुरं जगल्या नाहीत, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. फोटोखाली मैत्रिणीने लिहिलं होतं, "तारीख बघ." फोटोची तारीख १० ऑक्टोबर १८८५. सावित्रीबाईंच्या पत्राचाच दिवस, एकोणतीस वर्षांनंतरचा.

म्हणजे पत्राची तारीख तिला अजून पाठ होती. नाटिकेला तेव्हा तेहेतीस वर्षं उलटून गेली होती. मी फोन केला आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "तुला तेव्हा राग आला होता?"

"आला होता," ती म्हणाली. "खूप. त्या माणसाचा नाही एवढा. तुझा." थोडं थांबून म्हणाली, "मी 'चालेल' म्हणाले आणि तू लगेच पत्र पाठ करायला घेतलंस. एकदा तरी विचारायचंस."

मी रडले. तिने मला रडू दिलं, समजूत घातली नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

त्यानंतर ते पत्र मी पुन्हा काढून वाचलं. आजवर मला वाटायचं की त्या ओळीत फातिमाचं कौतुक आहे: किती गुणाची, कुरकुर करत नाही. आता वाचलं तेव्हा त्याआधीचे शब्द दिसले. त्रास पडत असेल. सावित्रीबाई स्वतः आजारी, दूर नायगावात, भावाची बोलणी खात. आणि तरी पुण्यात एकटीने शाळा सांभाळणारीला त्रास होत असणार हे त्यांच्या ध्यानात आहे. ती बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्या वतीने त्यांनीच ते लिहून ठेवलं. त्या दोघींच्या मैत्रीत धर्म आड आला नाही, असं आपण भाषणांत म्हणतो. त्या ओळीत मात्र धर्माचं नावही नाही. तिथे फक्त कामाचा बोजा आहे, तो कुणाच्या खांद्यावर पडलाय आणि ते कुणाच्या लक्षात आलंय, एवढंच आहे. माझ्याशेजारी सहा वर्षं बसलेली मुलगी बोलली नाही, की मी धरून चालायचे, तिला काही झालेलं नाही. आमच्या दोघींत 'चालेल' म्हणण्याची पाळी नेहमी तिचीच का यायची, हे मला समजायला हवं होतं. डिसेंबरमध्ये तर नक्कीच.

सुवर्णमहोत्सवाच्या मुख्य कार्यक्रमात सावित्रीबाईंच्या पत्राचं वाचन ठेवलं आहे, हे तुम्ही पत्रिकेत वाचलंच असेल. ते माझी मैत्रीण वाचणार आहे, पूर्ण, भावाशी झालेल्या वादासकट. समितीने तिला विचारलं तेव्हा तिने एक दिवस मागून घेतला आणि मग मला फोन केला.

"आजीचं लुगडं आहे का अजून?"

"आहे."

"मग ते आण. पण नेसवायचं तू."

लुगडं पेटीतून काढलं आहे. लवंगांचा वास येतोय त्याला, काठ एका ठिकाणी विरलाय तो रफू करून घेतला. रोज संध्याकाळी लेकीला समोर उभी करून सराव करते. निऱ्या आता बऱ्या येतात. कासोटा अजून सैल पडतो. कार्यक्रमाला अजून बारा दिवस आहेत.