व्हिसा लागत नाही, पण मलेशियाला जाताना काय काय लागलं

अण्णा, मावसभाऊ आणि मी, तिघांनी क्वालालंपूरला जायचं ठरवलं ते व्हिसा लागत नाही म्हणूनच. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ही सवलत दिली आणि पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. फिरायला, नातेवाइकांना भेटायला ३० दिवसांपर्यंत राहता येतं. नोकरीसाठी ही सवलत नाही.

पण व्हिसा नाही म्हणजे निघण्याआधी तुमचे कागद तपासणारंही कुणी नाही. ती सगळी तपासणी थेट विमानतळावर होते, आणि तिथे काही कमी निघालं तर धावपळ करायलाही वेळ नसतो. म्हणून तयारी नीट केली.

सगळ्यात आधी पासपोर्टची मुदत बघितली. पोहोचल्याच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक हवेत. अण्णांच्या पासपोर्टला तेवढे नव्हते, त्यामुळे नूतनीकरण उरकलं आणि नवा नंबर हाती आल्यावरच तिकिटं काढली.

मग मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे एमडीएसी. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शोधायला गेलं की हुबेहूब दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट समोर येतात. खरा पत्ता 'जीओव्ही डॉट एमवाय'ने संपतो. फॉर्ममध्ये फ्लाइट नंबर आणि हॉटेलचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट मागतात, तो आधीच लिहून ठेवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला, वडिलांच्या नावासकट.

खरी काळजी मावसभावाची होती. तो दहावी झालेला नाही, त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' अशी नोंद आहे. परदेशी नोकरीला जाणाऱ्या कामगारांची फसवणूक होऊ नये म्हणून ही नोंद असते, आणि ती ज्या १८ देशांसाठी लागू होते त्यांत मलेशियाही आहे. नुसतं फिरायला जाणाऱ्याला त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. मात्र हा माणूस खरंच फिरायला चाललाय, हे कागदांवरून दिसायला हवं. त्याची फाइल मी वेगळी लावली: परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट.

मुंबईत विमान कंपनीच्या काउंटरवरच पहिली चाळणी लागली. "काका, परतीचं तिकीट दाखवा," म्हणत त्या मुलीने अण्णांपासून सुरुवात केली. प्रवाशाला तिकडून परत पाठवलं तर त्याला आणायची जबाबदारी कंपनीवर येते, त्यामुळे ही माणसं काटेकोर असतात, आणि ते बरोबरच आहे. पुढे इमिग्रेशनला मावसभावाला जास्त वेळ थांबवलं. कुठे राहणार, किती दिवस, सोबत कोण? त्याने शांतपणे फाइल पुढे केली आणि आमच्याकडे बोट दाखवलं. शिक्का बसला तेव्हा मला हायसं वाटलं.

क्वालालंपूरला बोटांचे ठसे घेतले, हॉटेल विचारलं, झालं. शिक्का मिळाला की त्यावरची तारीख आणि मुदत तिथेच वाचून घ्या. आणि पुढे साबा किंवा सारवाकला जाणार असाल तर पासपोर्ट हाताशी ठेवा. त्या राज्यांचं इमिग्रेशन वेगळं आहे, देशातल्या देशात विमान असलं तरी तिथे पुन्हा तपासणी होते.